खांदेरीच्या खडपावर जिग, तीही अष्टमीला

मुंबईहून गळाला निघणारे बहुतेक जण शनिवार बघतात. जिग, म्हणजे माशासारखं दिसणारं धातूचं वजनदार आमिष, टाकायची असेल तर तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीचे सहा, नवमीचे पावणेसात. म्हणजे पाणी फिरतं ते नेमकं उजाडताना, आणि दिवस भांगाचे, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीचे, त्यामुळे पाण्याची ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हेच पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि ६० ग्रॅमची जिग तळ न गाठताच होडीमागे पतंगासारखी फरफटत जाते.

म्हणून सप्तमीच्या दुपारी गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून रिक्षाने अलिबागजवळचं थळ, आणि मुक्काम तिथेच. पहाटे होडीत बसायचं तर सकाळी मुंबईहून निघून भागत नाही. सहा फुटी रॉड दोन तुकड्यांचा घ्यावा आणि पीव्हीसी पाइपात घालावा, बोटीतल्या गर्दीत टोक मोडत नाही. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, तेव्हा हा बेत थंडीतलाच.

थळसमोर समुद्रात आधी उंदेरी बेट, पलीकडे खांदेरी. खांदेरीच्या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६७९मध्ये सुरू केलं, दीपगृह १८६७चं. हेकरूला, म्हणजे खडकांत राहणाऱ्या ग्रूपर माशाला, यातल्या कशाशीच देणंघेणं नाही, त्याला कपारी हव्यात, आणि त्या बेटाच्या भोवताली भरपूर आहेत. आम्हाला भरतीला सहा-सात वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाणी लागलं. डोल जाळ्यांचे खुंट आणि बाकी जाळ्यांचे बुये (तरंगत्या खुणा) कुठे आहेत ते होडीच्या तांडेलाला आधीच विचारावं. वाहत जाऊन कुणाच्या जाळ्यात जिग अडकवणं हा शुद्ध गाढवपणा.

सामान थोडंच लागतं. ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), तिच्या टोकाला दगडावर घासणं सोसणारा दीड मीटर ५० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर, ४०, ६० आणि ८० ग्रॅमच्या जिग. जिगच्या खालचा तिकाटी हुक काढून टाका. वरच्या कडीला दोरीचा असिस्ट हुक, २/० किंवा ३/०. खडपावर खालचा हुक माशापेक्षा दगडच जास्त धरतो.

सगळा खेळ दोरी उभी ठेवण्याचा आहे. उत्तर अमेरिकेच्या खोल थंड तळ्यांत लेक ट्राउटला असंच होडीखाली सरळ जिग सोडून गाठतात, पण तिथे भरती-ओहोटीची ओढ नाही. इथे ४० ग्रॅमने सुरुवात करावी. दोरी तिरकी व्हायला लागली की ६०, मग ८०. त्यानंही जमेना तर वजन वाढवत बसू नये, पाणी फिरायची वाट बघावी. वाऱ्याने होडी पळत असेल तर दोराला बादली बांधून पाण्यात सोडा, वेग चांगलाच उतरतो. मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा, वारा असेपर्यंत समुद्र बहुधा शांत मिळतो.

जिग सोडताना रीलच्या स्पूलवर (दोरीच्या रिळावर) अंगठा हलका टेकलेला हवा. दोरी एकदम सैल पडली म्हणजे तळ लागला. लगेच हँडलचे दोन फेरे मारा; तळाला पडून राहिलेली जिग अडकलीच म्हणून समजा. मग रॉड कंबरेपासून खांद्यापर्यंत उचला आणि टोक जिगच्या मागोमाग खाली न्या. दोरी ताठ ठेवलीत तर जिग नुसती दगडासारखी पडते, अगदी सोडून दिलीत तर झटका कळत नाही. किंचित सैल हवी. मासा बहुतेक वेळा पडत्या जिगलाच तोंड घालतो. तळ यायच्या आधीच दोरी थांबली, की ओढा.

हेकरू लागला तर पहिले तीन-चार सेकंद महत्त्वाचे. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवून त्याला निदान एक वाव वर आणायचं. ढिलाई झाली की तो कपारीत शिरतो आणि लीडर दगडावर घासून जातो. शिरलाच, तर ओढाताण करू नका. दोरी दोन मिनिटं पूर्ण सैल सोडा, कधीकधी आपणहून बाहेर येतो. नुसती जिग अडकली असेल तर होडी ओढीच्या वरच्या बाजूला नेऊन तिथून ओढा. ब्रेड हाताला गुंडाळून कधीच ओढू नये, बोट कापतं. लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा.

शिंगाळा (समुद्री कॅटफिश) आला तर हात लावायचा नाही, पक्कडीनेच हुक काढायचा. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे असे तिन्ही काटे विषारी. लागलाच काटा तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, कळ कमी होते, पुढे डॉक्टर.

आठच्या सुमारास ओहोटीची ओढ लागली, दोरी तिरकी झाली, तिथे गुंडाळलं. किनाऱ्यावर आल्याआल्या जिग आणि रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराची धार मारलीत तर मीठ रीलच्या आत जातं. मासे साफ करून थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या चुऱ्यात ठेवायचे आणि झाकणाला दोन फेरे टेप. परतीच्या बोटीत बर्फाचं पाणी शेजाऱ्याच्या चपलेपर्यंत पोचलं की मुंबई येईपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.