थंड इंजिन, जाड फाईल

रविवार, रात्र

जुनी स्पोर्टी सेडान विकायला काढली की बहुतेक जण आधी किंमत ठरवतात. माझ्या मते आधी सर्व्हिस-दुरुस्तीच्या बिलांची फाईल लावावी. अशा गाडीच्या गिऱ्हाइकाला खरी भीती पुढच्या खर्चाची असते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पार्टची किंमत मात्र नव्या गाडीच्या पार्टइतकीच राहते. ही भीती जेवढी कमी कराल तेवढी घासाघीस कमी होते.

उदाहरणाला बीएमडब्ल्यूची एफ३० पिढीतली ३३५आय घेतो. एन५५ इंजिन, ३ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, टर्बो. इंजिन दमदार आहे, पण त्याची दुखणी जाणकार गिऱ्हाइकाला पाठ असतात. तो बॉनेट उघडून सरळ ऑईल फिल्टर हाउसिंगच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या भांड्याच्या, बुडाशी टॉर्च मारतो. तिथलं गॅस्केट (गळती रोखणारी रबरी पट्टी) उष्णतेने कडक होतं आणि ऑईल झिरपतं. ते खालच्या बेल्टवर पडतं, बेल्ट घसरून उतरतो आणि वाईट वेळ असेल तर त्याचे तुकडे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या सीलमधून आत ओढले जातात. मग एका स्वस्त गॅस्केटपायी इंजिनच उघडावं लागतं. म्हणून हे गॅस्केट आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट विकण्याआधी बदलून घ्यावं, बिल फाईलला लावावं आणि फोटोत ती जागा दाखवावी. नुसतं पुसून ठेवलेलं इंजिन काही किलोमीटरच्या फेरीनंतर पुन्हा ओलं दिसतं, आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास बसत नाही.

वॉटर पंप विजेवर चालतो आणि बऱ्याचदा फारशी चाहूल न देता जातो. तो थर्मोस्टॅटसकट बदललेला असेल तर तारीख आणि किलोमीटर ठळक लिहावेत. ऑईल बदलाच्या बिलावर ग्रेड आणि प्रमाण हवं. या इंजिनात साधारण साडेसहा लिटर ऑईल लागतं. बिलावर पाच लिटरच दिसलं तर वाचणारा थांबणारच.

गिअरबॉक्सचा मुद्दा तर हमखास निघतो. आठ गिअरच्या झेडएफ ऑटोमॅटिकचं ऑईल आयुष्यभर पुरतं, असं गाडी बनवणारे सांगत आले. खुद्द झेडएफचा, म्हणजे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचा, सल्ला मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलण्याचा आहे. फिल्टर प्लास्टिकच्या तळपात्रातच बसवलेला असल्यामुळे अख्खं पात्र बदलावं लागतं. हे काम झालं असेल तर ते जाहिरातीच्या पहिल्या तीन ओळींत यावं. झालं नसेल तर तसं सांगावं आणि किंमत त्या हिशेबाने लावावी.

एक चूक फार होते. डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो आणि गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड पुसले जातात. दिवा जातो खरा, पण त्याबरोबर गाडी धुराच्या यंत्रणेच्या आपोआप करते त्या चाचण्याही शून्यावर येतात. समोरच्याने स्कॅनर लावला की चाचण्या अपूर्ण दिसतात, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी वेगवेगळ्या प्रकारे चालवावी लागते. दोष दुरुस्त करावा, मग रोजच्यासारखी गाडी चालवावी, सगळ्या चाचण्या पूर्ण झाल्या की स्वतःच स्कॅन करून तो अहवाल फाईलला जोडावा.

टायरकडे लोक खूप बारकाईने बघतात. बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षीची खोली चारही टायरांना आत, मध्ये आणि बाहेर मोजून लिहावी, कारण आतली कड लवकर झिजते आणि उभ्याने दिसत नाही. झीज एकसारखी नसेल तर आधी अलाइनमेंट. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत टायरच्या घेरात फरक पडला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो, म्हणून नुसते दोन नवे घालून भागत नाही. विकायचीच आहे म्हणून सगळ्यात स्वस्त टायर चढवू नयेत. जाणत्याला त्यात हयगयच दिसते. त्यापेक्षा अर्धे झिजलेले पण चांगले टायर बरे.

बदल केलेली गाडी असेल तर मूळ पार्ट परत बसवावेत आणि सॉफ्टवेअर मूळचं करावं. ट्यून केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, गाडी घेणारे थोडे आणि त्यातही ते फार घासाघीस करतात. पण ट्यूनवर चालली होती हे लपवू नये. वाढवलेल्या दाबाने टर्बोची हवा इंजिनात नेणारा प्लास्टिकचा पाइप फुटू शकतो, त्यामुळे तो बदललेला दिसला की प्रश्न येतोच.

रंगाची जाडी मापकाने मोजून घ्यावी. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखादा पत्रा त्याच्या दुपटीवर गेला तर तिथे पुन्हा रंग झाला आहे, आणि आकडा खूपच वर गेला तर खाली पुट्टी. या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असल्यामुळे लोहचुंबक तिथे चिकटत नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर तो पुट्टी समजून बसेल. खडे लागून उडालेले ठिपके तसेच राहू द्या, सगळं बॉनेट रंगवायच्या भानगडीत पडू नका.

गिऱ्हाईक येईल तेव्हा इंजिन थंड असावं. आधीच तापवून ठेवलेली गाडी म्हणजे काहीतरी दडवलंय, असंच वाटतं. गार इंजिन सुरू होताना आरपीएम थोडा वेळ चढा राहतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. हा दोष नाही, हेही बोलून टाकावं. ट्रायलला स्वतः शेजारी बसावं. आधी परवाना बघावा आणि दुसऱ्याने चालवली तर विमा लागू होतो का ते तपासावं. ऑईल पूर्ण तापेपर्यंत जोरात पळवू देऊ नये, हे निघण्यापूर्वीच सांगावं.

पैसे बँकेत खात्रीने जमा झाल्याशिवाय किल्ली सोडू नये. मग दोन्ही किल्ल्या, फाईल आणि व्हील लॉकचा सॉकेट (चाकाचे चोरीरोधक बोल्ट उघडायचा खास तुकडा) द्यावा. तो सॉकेट हमखास राहून जातो आणि नव्या मालकाला पंक्चर झाल्यावर कळतं. शेवटी गाडीतून फोनची जोडणी, नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता आणि गेट उघडण्याचे कोड पुसावेत. मोबाइल ॲपमधल्या खात्यातूनही गाडी काढून टाकावी, नाहीतर ती विकल्यावरही तुमच्या फोनवर कुठे उभी आहे ते दिसत राहू शकतं.