आमची वाटचाल : आठ बारच्या लूपपासून अडुसष्ट बारच्या बीटपर्यंत

आम्ही रॅपसाठी बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत, बनवतो. सुरुवात लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा, विकण्यापासून झाली. किक, स्नेअर, हाय-हॅट हे ड्रमचे आवाज, ८०८चा म्हणजे खोल घुमणारा बेस, वर एखादी मेलडी. चार-चार मात्रांचे आठ बार जमले की तेच तीन मिनिटं चिकटवायचे आणि फाइल द्यायची. पहिली वीस सेकंदं भारी वाटायची. त्यावर रॅप चढला की दुसऱ्या व्हर्सपर्यंत (रॅपच्या कडव्यापर्यंत) गाणं बसायचं आणि तक्रार यायची, "मिक्समध्ये काहीतरी कमी आहे." मिक्स ठीक असायचं. बांधणीच नव्हती.

हिशेब साधा आहे. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचा एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे आठ बार २१ सेकंदांत संपतात आणि तीन मिनिटांत तोच लूप जवळपास साडेआठ वेळा वाजतो. लूपचा दोष नाही, हिप-हॉप उभं राहिलं तेच त्यावर. सत्तरच्या दशकात ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून लावत ब्रेक, म्हणजे मुख्यतः ड्रम वाजणारा भाग, लांबवायचा. पण त्याच्यासमोर नाचणारे असायचे. कॉपी-पेस्ट करताना समोर कोणीच नसतं.

आता ९० बीपीएमच्या बीटचा आमचा पहिला आराखडा असा असतो: इंट्रो ४ बार, हूक (धृपद) ८, व्हर्स १६, हूक ८, व्हर्स १६, ब्रिज (वेगळ्या वळणाचा तुकडा) ४, हूक ८, आउट्रो ४. एकूण ६८ बार, ३ मिनिटं १ सेकंद. पूर्वी आमची इंट्रोच आठ बारची असायची. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर प्ले मोजला जातो. त्यातली २१ इंट्रोतच घालवणं परवडत नाही. चार बार ठेवले की हूक अकराव्या सेकंदाला लागतो. १४० बीपीएमच्या ट्रॅपमध्ये (रॅपच्या एका शैलीत) बार जेमतेम १.७ सेकंदांचा, तिथे आठ बार खपून जातात.

खरा बदल झाला तो कामाच्या क्रमात. आधी हूक पूर्ण भरतो, सगळे ट्रॅक चालू ठेवून. मग तोच पूर्ण लांबीवर पसरतो आणि काढत जातो. इंट्रोत फक्त मेलडी, वरचे आवाज दाबणारा लो-पास फिल्टर ५०० हर्ट्झच्या आसपास, चौथ्या बारमध्ये उघडत जाणारा. पहिल्या व्हर्समध्ये दुसरी मेलडी आणि ओपन हॅट बंद. नवव्या बारला शेकरसारखं एखादं हलकं वाद्य आत. दुसरा व्हर्स पहिल्याची नक्कल नको: पहिले चार बार ड्रम नाहीत, फक्त ८०८ आणि चुटकी, पाचव्याला किक. शेवटच्या हूकसाठी एक थर राखून ठेवतो, तो आधी कुठेच वाजत नाही. दर चार बारला छोटा बदल, दर आठला कान टवकारतील असा. यापेक्षा जास्त केलं तर रॅपर गोंधळतो.

आमची सगळ्यात महागडी चूक फिलची, म्हणजे बारच्या शेवटी भरलेल्या जादा वाजवण्याची. आठव्या बारच्या शेवटी स्नेअरचा रोल, वर रिव्हर्स सिंबल (उलटी वाजवलेली झांज), हे सवयीने यायचं. पण यमक आणि पंच पडतो तोही तिथेच. मराठी रॅपमध्ये तर हे जास्तच जाणवतं, कारण आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि यमकाचं सगळं वजन त्यावर असतं. आता तिथे भर घालत नाही. शेवटच्या दोन मात्रा किक आणि ८०८ म्यूट. शब्द मोकळ्या जागेत पडतो, पुढची सम दणकून येते.

यातही एक खोच आहे. किक म्यूट केली तरी ८०८चा आधीचा सूर सेकंदभर रेंगाळतो आणि मोकळी जागा मोकळी राहत नाही. तो सूर कापावा लागतो, १० ते २० मिलिसेकंदांत आवाज उतरवणारा फेड देऊन, नाहीतर क्लिक ऐकू येतो. डिलेचा फीडबॅकही, म्हणजे प्रतिध्वनी किती वेळ घुमतो तेही, तपासायचं.

व्हर्समध्ये मेलडीला २ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डीबी कमी करतो, म्हणजे आवाजाला जागा मिळते. हूकला तो कट काढला की काही न वाढवता हूक उघडतो. मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर, मात्र बांधणीच्या वेळी लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज रोखणारा) नको. तो हूकचा जोर दाबतो आणि किक थांबली की मेलडी आपोआप फुगते. कमी केलेलंच वर येतं.

हलगीची मागणी अधूनमधून येते. हाताने वाजवलेली हलगी प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (मात्रांच्या नेमक्या रेषांवर) ओढून बसवली की मरते. आम्ही फक्त बारची पहिली मात्रा जुळवतो, मधलं तसंच ठेवतो. तिचा टणका स्नेअरला भिडतो, म्हणून ती हूकपुरतीच, आणि तेवढे आठ बार स्नेअर खाली.

डेमोमध्ये आमचा आवाजी टॅग, म्हणजे बीट आमची आहे हे सांगणारा आवाज, पूर्वी हूकच्या पहिल्याच मात्रेवर पडायचा, म्हणजे हूक दणक्यात सुरू होतो तो स्वतःचाच ड्रॉप स्वतः झाकायचा. आता तो इंट्रोच्या तिसऱ्या बारमध्ये असतो. विकलेल्या बीटबरोबर २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचे वेव्ह स्टेम्स (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइल) जातात, सगळे शून्यापासून सुरू होणारे, नावात बीपीएम आणि स्केल. रॅपरचा दुसरा व्हर्स बारा बारांचाच निघाला तर चार बार कुठून कापायचे, तेही सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं: बहुतेक वेळा नऊ ते बारा, कारण शेवटच्या चारांत ब्रिजकडे नेणारी उतरण असते.