तुम्ही विचारलंत म्हणून: वायपर अजून सहा व्होल्टचाच का?

माझी जुनी विलीज जीप, मुळात सहा व्होल्टची, उभी केली की दोन-चार जण जमतात आणि प्रश्न ठरलेला: "गाडी बारा व्होल्टवर नेलीत ना? मग वायपर नि पेट्रोलचा काटा सहाचेच कशाला? नवे बसवा नि मोकळे व्हा." परवा पावस गावात पुन्हा ऐकलं. एकदाच लिहून टाकतो.

बारा का केली, हे कोकणात तरी सांगायला नको. खाऱ्या हवेत अर्थिंगचे नट गंजतात. वाटेत एक व्होल्ट गळला तर बाराचे अकरा उरतात, सहाचे पाचच. बल्ब आणि कॉइल बदलली, डायनामो काढून अल्टरनेटर घातला. स्टार्टर सहाचाच, दोन-तीन सेकंद बारा सोसतो. अँपिअरचा काटा व्होल्ट मोजतच नाही, त्याला हातही लावला नाही.

उरला वायपर. मोटर तीन अँपिअर घेणारी. जास्तीचे सहा व्होल्ट जिरवायला मी दोन ओहमचा रेझिस्टर घातला. हिशेब चोख. पण जिरवायचे म्हणजे तापवायचे, अठरा वॅट. मी लावला दहा वॅटचा, कारण दुकानात तोच होता. आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर बारा नाही, चौदाच्या आसपास असतात. हे मला ठाऊक होतं. तरीही.

गणपतीच्या आदल्या दिवशी रत्नागिरीतल्या गणपतीच्या शाळेतून मूर्ती घेऊन निघालो. आप्पा शेजारी, मांडीवर शाडूचा गणपती, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. भाट्याचा पूल ओलांडेपर्यंत पाऊस असा, की वायपर बंद करायची सोयच नव्हती. पुढच्या चढावर पात्याची गती मंदावली. मला वाटलं, काचेवर पानबिन अडकलं. खरं म्हणजे मोटरवर ओझं वाढलं की ती जास्त करंट ओढते, रेझिस्टर आणखी व्होल्ट खातो, मोटर आणखी मरगळते. मग जळक्या रबराचा वास. डॅशबोर्डखालून धूर. शेजारच्या वायरींचं आवरण वितळून रेझिस्टरला चिकटलं होतं. मी बॅटरीची वायर उपटेपर्यंत आप्पा खाली उतरले होते, मूर्ती छातीशी धरून, भर पावसात. छत्री गाडीतच. एवढंच म्हणाले, "मेल्या, आधी ह्याच्यावर छत्री धर."

रुमालाचा ओला रंग त्यांच्या सदऱ्यावर उतरला होता. तो सदरा आईने कधी टाकला नाही.

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, जुन्या गाडीची मूळ वस्तू हलवू नये. थाप होती. दुसऱ्या महायुद्धातल्या या विलीजला विजेचा वायपर मुळात नव्हताच. ती मोटर आप्पांनी मागाहून बसवून घेतलेली. म्हणजे मी मूळ काही जपत नव्हतो. मग काय जपत होतो? हट्ट म्हणा हवं तर. नवी मोटर स्वस्त आहे, मला माहीत आहे, पुन्हा सांगू नका.

आता रेझिस्टर नाही. बाराचे सहा करणारा, दहा अँपिअरचा कन्व्हर्टर आहे, त्याला स्वतःचा फ्यूज. पेट्रोलच्या काट्याला वेगळा छोटा रेग्युलेटर. टाकीतल्या पातळीबरोबर त्याचा करंट बदलतो, तिथे ठरावीक रेझिस्टर खोटंच दाखवणार. दोन पावसाळे काही झालेलं नाही. तरी चढ लागला की डावा हात डॅशबोर्डखाली जातो, डबा तापलाय का बघायला.

यंदाची मूर्ती रिक्षाने आणली.