गाडीवानांच्या धर्मशाळेतली खानावळ: आमची वाटचाल

वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल आंबोली घाट चढून बेळगावला जायचा, तेव्हा आमच्या गावातल्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागायची. वर मीठ, नारळ, सुके मासे जायचे आणि घाटावरून गूळ, मिरची, धान्य उतरायचं. रात्रीला थांबण्यासाठी आमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीच्या कुणीतरी ही धर्मशाळा बांधली. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढेमागे पडवी, मधे लांबलचक माजघर, अंगणात विहीर आणि बैल बांधायचे दगडी खुंट. 1880च्या दशकात गोव्यातल्या मुरगाव बंदरातून घाटावर रेल्वे गेली, माल तिकडे वळला आणि गाड्या हळूहळू थांबल्या. धर्मशाळेत मग भाताचं कोठार झालं, नंतर मोडकं सामान आणि शेवटी वटवाघळं.

आम्ही दोघी जावा घरून मासे-भाताचे डबे देत होतो. घरची चूल अपुरी पडायला लागली तेव्हा धर्मशाळेत खानावळ काढायचा विचार आला. शेजारच्या काकींनी ऐकल्या ऐकल्या विचारलं, ‘गो, हयसर पैसे देवन जेवूक कोण येतलो?’

काकींच्या प्रश्नाआधी दुसराच प्रश्न सुटायचा होता, तो सातबाऱ्याचा. कोकणात ज्यानं सामाईक जागेवर काही करून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. उताऱ्यावर पणजोबांपासूनची नावं, काहींची वारसनोंदच नाही, निम्मे हिस्सेदार मुंबईत आणि त्यातले काही एकमेकांशी बोलत नाहीत. विकायचं तर कुणालाच नव्हतं, पण पडू द्यायला सगळे तयार. आधी वारसनोंदी करून घेतल्या. मग गणपतीत सगळे चाकरमानी गावी आले, त्या दिवसांत घरोघर फिरून आम्ही भाडेपट्ट्याला संमती मिळवली. मालकी जिथल्या तिथे, भाडं हिश्शाप्रमाणे. सगळ्यात जास्त कटकट ज्या चुलतसासऱ्यांनी केली त्यांनीच दोन अटी सुचवल्या आणि त्या आम्ही कागदावर घेतल्या: विहिरीचं पाणी वाडीला पूर्वीसारखं खुलं राहील आणि जत्रेत नाटकमंडळींना पडवी मिळेल. माझ्या मते आमचा धंदा टिकला तो या दोन अटींमुळे. कसा, ते पुढे येईलच.

सामाईक जागा सगळ्या हिस्सेदारांच्या सहीशिवाय तारण ठेवता येत नाही, म्हणून मुद्रा योजनेतलं बिनतारण कर्ज, बचत गटाची उचल आणि दोघींचे दागिने एवढ्यावर काम काढलं. कुणीतरी मधल्या काळात भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंट बसलं की ओल आतच राहते आणि चिरा भुसभुशीत होतो. तो सगळा गिलावा खरवडून काढायला लावला. नवा गिलावा चुन्याचा. पंचायतीत रंगाची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना जुनी रीत ठाऊक होती. शिंपल्यांचा चुना खड्ड्यात भिजत ठेवायचा, गाळून घ्यायचा, त्यात वाळू आणि गूळ-हिरड्याचं पाणी घालून मळायचा. घाई करायची नाही, हेच त्यांचं मुख्य शिक्षण. पैसे देणाऱ्याला मात्र घाई असते. मृगाआधी छप्पर शाकारून व्हायलाच हवं होतं, कारण इथे पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कुजलेले वासे बदलले, मंगलोरी कौलं उतरवून धुतली, फुटकी तेवढी नवी घेतली. पडवीला पावसाची झड लागू नये म्हणून चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झडी बांधल्या. पाहुण्यांना त्या सजावट वाटतात.

2018च्या दिवाळीत पहिली पंगत बसली. मेन्यू कार्ड छापलंच नाही. सकाळी बंदरावर लिलाव होतो, तिथे जे परवडेल ते घ्यायचं आणि दारातल्या फळ्यावर खडूनं लिहायचं. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, पेडवे लागले तर पेडवे, बांगडा स्वस्त असेल तर तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. पापलेट नाही म्हटल्यावर काही जण उठून जातात. जाऊ देतो. ज्यांना फक्त सुरमई-पापलेटच कळतं त्यांना रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत कुठेही जेवायला मिळेल. रस्स्याचं वाटप मात्र रगड्यावरचंच. मिक्सरमध्ये खोबरं गरम होतं आणि रस्सा फिका लागतो, असं माझ्या जावेचं ठाम मत आहे.

पर्यटकांचा हंगाम म्हणजे दिवाळी, नाताळ, मे महिना. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021ला सुरू झाला तेव्हा सगळ्यांनाच वाटलं, आता बारमाही गर्दी. तसं काही झालं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. बंदी उठते तोवर श्रावण लागतो. या दिवसांत आमचा गल्ला भरतो तो सकाळच्या घावणे-चटणी, उसळ-पाव आणि चहावर, आणि खाणारे सगळे इथलेच: एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, शाळेचे मास्तर, विहिरीवर पाण्याला आलेल्या बायका. पाण्याला आलेली बाई पडवीत टेकते आणि जाताना घरच्यांसाठी घावणे नेते. विहिरीला कुलूप लावलं असतं तर ती पायरी चढली नसती. जून-जुलैमधलं जेवण म्हणजे खाडीच्या कुर्ल्या, ओहोळात चढणीचे मासे मिळाले तर ते, नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर. शिवाय टाकळा, फोडशी, कुर्डू; या भाज्या वाडीतल्या बायका जुड्या बांधून आणतात. पुण्याच्या एका पाहुण्यांनी फोडशीला ‘गवत’ म्हटलं आणि दोनदा वाढून घेतली.

कार्तिकापासून जत्रा सुरू होतात. देवळात पालखी फिरून झाली की मध्यरात्री दशावतार उभा राहतो, त्याआधी मंडळींची जेवणं आमच्याकडे. संकासुराचं काम करणारा गडी पडवीत बसून कुळथाच्या पिठीवर ताव मारत असतो आणि पर्यटक त्याचे फोटो काढत असतात. पैसे देवस्थान देतं, उशिरा का होईना.

तौक्ते वादळ 16 मे 2021ला किनाऱ्यावरून गेलं तेव्हा निम्म्याहून जास्त कौलं उडाली होती आणि वीज कित्येक दिवस नव्हती. फ्रीजमधले मासे सडण्याआधी शिजवून वाडीत वाटले. त्याच्या दुसऱ्या दिवशी न बोलावता शिड्या घेऊन माणसं आली, आणि नळे-कौलं मिळेल तिथून आणून छप्पर झाकून गेली. पावसाला तेव्हा तीन आठवडे होते.

आज स्वयंपाकघरात सात बायका आहेत, सगळ्या चालत कामाला येणाऱ्या. काकींची सून त्यांतली एक. मुंबईचे हिस्सेदार दर गणपतीत भाड्याचा हिशेब बघतात, एसी कधी बसवणार ते विचारतात आणि वर खोल्या काढून राहायची सोय करा म्हणतात. खोल्यांना आम्ही नाही म्हणतोय, कारण त्या झाल्या की पहिली अडचण विहिरीच्या पाण्याची होणार. सध्याचं भांडण गाड्या लावण्यावरून आहे. मे महिन्यात पाहुण्यांच्या गाड्या विहिरीकडची वाट अडवतात. ग्रामसभेत बोलणी झाली, आता देवळामागची मोकळी जागा रविवारपुरती मिळाली आहे. तेव्हा गाडी तिथे लावा आणि दोन मिनिटं चालत या.