लांडगा, १४१४ आणि काकांची तलवार

जुन्या शस्त्रांच्या नोंदी करणं हे माझं काम. साताऱ्याकडच्या एका घरातली फिरंग बघायला गेले होते, म्हणजे लांब सरळ युरोपी पातं आणि आपली दख्खनी मूठ. काकांनी तलवार हातात दिली आणि लगेच म्हणाले, "ताई, सनच लिहिलाय की त्यावर, १४१४! आणि हा वाघ."

आकडा खरंच होता, स्वच्छ वाचता येत होता. पण १४१४ म्हणजे वास्को द गामा कालिकतला यायच्या ८४ वर्षं आधी, तेव्हा युरोपचं पातं इथे कुठून येणार? टॉर्च पात्याला जवळजवळ आडवा धरला की कोरलेल्या रेघा सावलीने उठून दिसतात, तसा धरला, भिंग लावलं, आणि काकांचा वाघ बघितला. चार काटक्या जोडाव्यात तसे पाय, लांब अंग, तोंड कुठे ते नीट कळेना. हा पळता लांडगा, मूळचा जर्मनीतल्या पासाऊचा, मग जर्मनीतल्याच झोलिंगेन गावच्या कारागिरांनी उचलला. छिन्नीने खाचा पाडायच्या, त्यात पितळेची तार ठोकून बसवायची आणि घासून सपाट करायची. लांडग्याचं पातं जवळ असलं की जखम होत नाही अशी समजूत, त्यामुळे मागणी भरपूर! १४१४ आणि १४४१ हे आकडेही झोलिंगेनच्या कितीतरी पात्यांवर सापडतात, आणि ती पाती त्या सालांच्या खूप नंतरची. शुभ आकडा म्हणून टाकायचे असं मानतात, साल म्हणून नाही.

आता झोलिंगेनचंच कशावरून? खुणा तर सगळेच चोरायचे. इटलीतल्या जेनोआची दातेरी कडेच्या दोन विळ्यांची खूण आपल्याकडच्या लोहारांनीही मारलीये, आणि आंद्रेआ फेरारा हा इटलीतल्या बेल्लुनोचा सोळाव्या शतकातला कारागीर, त्याचं नाव तर झोलिंगेनवाले स्कॉटलंडला जाणाऱ्या पात्यांवर पुढे कितीतरी वर्षं बिनदिक्कत टाकत होते. म्हणून मी नुसत्या खुणेवर कधीच जात नाही. इथे पात्यातली पन्हळ, जाडी, टोकाकडे निमुळतं होत जाणं सगळं लांडग्याशी जुळत होतं, आणि मुळाशी रिव्हेट मारलेल्या मुठीच्या पट्ट्यांखाली लांडग्याची शेपटी अर्धी दबलेली होती, म्हणजे खूण आधीची, मूठ नंतरची. मला सगळ्यात भारी पुरावा तोच वाटला.

मी लिहिलं: पातं झोलिंगेन, बहुधा सतरावं शतक, मूठ दख्खन, १४१४ हे साल नव्हे. काका जरा हिरमुसले, मग म्हणाले, "म्हणजे महाराजांच्या काळातली असू शकते?" असू शकते, म्हटलं. झालं, खुलले एकदम.

पितळेची तार मात्र निम्मी गळलीये, कारण दर खंडेनवमीला घरात चिंच लावून चकचकीत करतात (हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला). यापुढे फक्त सुती कापड आणि पातळ तेल असं सांगितलं, तर काका आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाले, "ते तुम्हीच काकूंना सांगा."