पाच की दहा

गेल्या रविवारी मी रानटी झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या इथल्या स्वयंसेवकांना एका रोपाची नोंद पाठवली होती, ती परत आली. सोबत एकच ओळ होती: "पुंकेसर मोजले होते का?" पुंकेसर म्हणजे फुलातले टोकाला परागकोश, म्हणजे परागाची पिशवी, असलेले तंतू.

मला राग आला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला येऊन मला सहा वर्षं झाली, पण त्याआधीचं सगळं आयुष्य यावल तालुक्यात शेतात गेलं. कपाशी दोन पानांवर असताना पीक कुठलं आणि तण कुठलं, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही. आणि इथला एक स्वयंसेवक, ज्याने मला पाहिलेलंही नाही, बस थांब्यामागच्या तणावरून मला जाब विचारतो!

तण म्हणजे रानटी जिरेनियम. आपल्याकडे तेलासाठी लावतात ते हे नव्हे. ते पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दोघांना एकाच नावाखाली घातलं होतं, लेरितिए या फ्रेंच अभ्यासकाने १७८९ साली पेलार्गोनियम वेगळं काढलं. इथलं जिरेनियम फुटपाथच्या फटीतही उगवतं. फळ पिकत आलं की चोचीसारखं लांब होतं, म्हणून ग्रीक भाषेतल्या क्रौंच पक्ष्यावरून त्याला हे नाव पडलं.

जिरेनियमच्या काही जाती ओळखायला सोप्या आहेत. देठ लालसर आणि पान चुरगाळल्यावर जळक्या रबराचा वास आला तर ते रॉबर्टियानम. पान पार बुडापर्यंत अरुंद चिरलेलं असेल तर बहुधा डिसेक्टम. अडतं ते मोले आणि पुसिलम या दोघांपाशी. दोघांची पानं गोलसर, दोघं जमिनीलगत पसरणारे, दोघांच्या जांभळट पाकळ्यांना टोकाला खाच. मला फूल लहान आणि फिकट वाटलं, म्हणून मी पुसिलम लिहून मोकळा झालो होतो.

शेजारच्या आजींना हे सांगितलं. त्यांनी ऐंशी कधीच ओलांडली आहे. काही न बोलता त्यांनी गळ्यातलं दहापट भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि काठी घेऊन माझ्याबरोबर बस थांब्यापर्यंत आल्या. आधी त्यांनी देठ उजेडासमोर धरायला लावला. पुसिलमच्या देठावर नुसती आखूड लव असते. इथे आखूड लवेतून लांब, मऊ केस बाहेर आले होते, केळीच्या कोवळ्या घडाला पहाटे दव लागतं तसे चमकत होते. मग म्हणाल्या, सकाळी उमललेलं फूल घे, शिळ्या फुलाचे परागकोश गळून पडतात आणि मोजणी चुकते. टाचणीने पाकळ्या बाजूला केल्या. दहा पुंकेसर, आणि दहाही टोकांवर परागकोश. पुसिलममध्ये पाच टोकं रिकामी असतात. शेवटी फळ. चोचीच्या बुडाशी पाच फुगीर भाग, त्यांवर केस नाहीत, बारीक आडव्या सुरकुत्या. पुसिलमचं फळ लवदार असतं आणि त्यावर सुरकुती नसते. म्हणजे मोले. तीन ठिकाणी तपासलं आणि तिन्ही ठिकाणी माझी नोंद चुकली होती.

रस्त्याकडेच्या तणासाठी एवढा वेळ देणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती. पण हेही लिहायलाच हवं की इथे त्या तणाने कुणाची मजुरी खाल्लेली नाही. आपल्याकडे निंदणीला बाया मिळेनात, म्हणून तणनाशक मारावं लागतं. भिंग घेऊन बसायला सवड कुणाला आहे? आणि ओळख आपल्यालाही आहे. माझी आई तांदुळजा आणि काटेमाठ यांत कधी चुकत नाही. कोवळे असताना दोघं सारखेच दिसतात, ती पानाच्या बेचक्यात बोट फिरवते, टोचलं की सोडून देते. फरक इतकाच की तिची ओळख कुणी कधी लिहून घेतली नाही, आणि मीही नाही. मी गाव सोडलं ते नोकरीसाठी, शेताला कंटाळून नाही, हे मी इथे बऱ्याच जणांना सांगत असतो.

नोंद दुरुस्त करून पाठवली. दोन दिवसांनी चर्चच्या भिंतीशी खरं पुसिलम सापडलं. आखूड लव, पाच टोकं भरलेली, पाच रिकामी. या वेळी मोजणीसकट लिहिलं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावून ते फळ दाखवलं. "तठे बी तन ऱ्हास का रे?" तिथेही तण असतं का, एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला, केळीच्या बागेतून. बाहेर मे महिन्याचा फुफाटा, पण ठिबकच्या नळीशी हिरवं फुटलं होतं. तिने एक रोप उपटून बेचकं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, हे पण लिही.