खेचरांच्या पाठीवरचा कोळसा

"आई, मग इतक्या वर कोळसा न्यायचं कोण?" कोलोराडोत टेल्युराइडजवळ, एम्सच्या वीजघरासमोर लेकीनं आज विचारलं.

खेचरं. गोल्ड किंग खाणीला इंधनाचा खर्च झेपेना. मग ल्युशियन नन या वकिलानं पाण्यावर वीज काढली आणि १८९१ मध्ये ती तारेतून सुमारे ४ किलोमीटर वर खाणीपर्यंत पोचवली. तीही ए.सी., म्हणजे प्रवाहाची दिशा सतत बदलणारी वीज, जिच्यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता!

मला त्याचं पुढचं काम जास्त भावतं. वीजघरातल्या पोरांना त्यानं कामावरच शिकवलं. १९१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात डीप स्प्रिंग्ज कॉलेज काढलं. तिथले विद्यार्थी अभ्यासाबरोबर आजही गुरं सांभाळतात.

"मुलींना घेतात?"

घेतात, २०१८ पासून. म्हणजे १०१ वर्षं लागली. परतताना तेवढंच मनात घोळत होतं.